फ्लॅहर्टी, रॉबर्ट जोसेफ

फ्लॅहर्टी, रॉबर्ट जोसेफ : (१६ फेब्रुवारी १८८४ – २३ जुलै १९५१). अमेरिकन चित्रपटनिर्माता, दिग्दर्शक व अनुबोधपटाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. जन्म मिशिगन राज्यातील आयर्न मौंटन येथे. १९१० पासून एका रेल्वे-उद्योजकासाठी हडसन उपसागराच्या परिसरात लोहखनिजाचा शोध घेत असता त्याने तेथील इन्युइट लोकांचे चित्रण सुरू केले. १९१६ मध्ये टोराँटो येथे सिगारेटमुळे आग लागून त्याची सु. ३०,००० फूट मूळ फिल्म नष्ट झाली. तथापि वाचलेली प्रत त्याला स्वतःलाच नीरस वाटत असल्याने त्याने नव्याने चित्रण करण्याचे ठरविले.

चित्रपटव्यवसायाबाहेर राहून भांडवल कोठून उभारावे, हा प्रश्न त्याला आयुष्यभर भेडसावीत राहिला. नानूक ऑफ द नॉर्थ (१९२२) या चित्रपटाचा खर्च फरचा व्यापार करणाऱ्या एका फ्रेंच पेढीने केला. त्यात नानूक झालेल्या शिकाऱ्याचे खरे नाव अलाकारिआलाक होते. प्रकाशासाठी इग्लूची एक बाजू उघडी ठेवण्यात आली आणि बंदुका रूढ झालेल्या असतानाही वॉलरसची शिकार हार्पूनने दाखविली गेली. या रचलेल्या प्रसंगांवर पुढे बरीच टीका झाली. ती रास्त आहे. परंतु ते प्रसंग इन्युइटांच्याच साहाय्याने साकारले होते, हेही विसरता येत नाही. सामोआ बेटावरील मोआना (१९२६) या चित्रपटाच्या परीक्षणात जॉन ग्रीअरसनने ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द योजिला. हॉलिवुडशी मात्र फ्लॅहर्टीचे जमले नाही.

ब्रिटनमध्ये त्याने मॅन ऑफ ॲरन (१९३४) काढला. त्यातील शार्कची शिकार ॲरन बेटांवर केव्हाच बंद पडली होती. ती बेटकऱ्यांना नव्याने शिकवावी लागली. एलिफंट बॉय (१९३७) साठी तो म्हैसूर संस्थानात आला. माहुताचा मुलगा साबू या चित्रपटातून जगप्रसिद्ध झाला. परंतु निर्माता अलेक्झांडर कोर्डा याने पुढील दृश्ये आपला भाऊ झोल्टान याच्याकडून इंग्लंडमधील चित्रपटगृहात, म्हणजे स्टुडिओत, चित्रित करून घेतली. चित्रपटावरील ताबा सुटण्याचा हा अनुभव फ्लॅहर्टीला नवा नव्हता.

लुइझिॲना स्टोरी (१९४८) चा संपूर्ण खर्च न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने केला. श्रेयनामावलीत कंपनीचे नाव नव्हते व चित्रपटाचे हक्कही फ्लॅहर्टीकडेच राहिले. इतके स्वातंत्र्य त्याला क्वचितच लाभले होते. तथापि दलदलीच्या प्रदेशात येणारे तेलविहिरीचे यंत्र येथे एका मुलाचे मित्रच ठरते आणि काम उरकून निरुपद्रवीपणे निघून जाते. व्हर्जिल टॉमसन याला या चित्रपटाच्या संगीतासाठी पुलिट्झर पारितोषिक मिळाले (१९४९).

व्हरमाँट राज्यातील डमरस्टन येथे फ्लॅहर्टी निधन पावला.