मावळातील वर्षावास आणि ‘लेणे’

पावसाळ्यात लोणावळ्यास मुक्कामाला जाण्याची प्रथा सामान्यतः १८६३ साली बोरघाटातून सुरू झालेल्या लोहमार्गाशी जोडली जाते. तथापि मावळातील वर्षाकालीन निवासाचा लेखी पुरावा त्याहून फार प्राचीन आहे. क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याच्या कार्ले येथील प्राकृत लेखात, वलूरक येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहार्थ करजिक हे गाव दिल्याची नोंद आहे. त्यांना तेथे ‘लेणवासी’ म्हटले आहे. मराठी ‘लेणे’ हा याच ‘लेण’ शब्दाचा वारस. त्याचे संस्कृत मूळ ‘लयन’, म्हणजे विश्रांतिस्थान. ‘लोणावळा’ हे नाव ‘लेणावली’पासून व्युत्पादिले जाते, परंतु ‘ए’चा ‘ओ’ कसा झाला, याचा उलगडा त्यात होत नाही. म्हणून या निवासपरंपरेचा आधार ग्रामनामात न शोधता शिलालेखातच शोधणे युक्त ठरेल.