स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ आणि द्विभाषिक बोलपट

बोलपटाच्या आरंभकाळी एकच कथा दोन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित करण्याची प्रथा होती. ‘प्रभात’ने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. दुर्गा खोटे व गोविंदराव टेंबे यांनी दोहोंतही भूमिका केल्या.

हॉलिवुडच्या युनिव्हर्सल कंपनीने १९३० साली ‘ड्रॅक्युला’ या भयपटासाठी निराळा मार्ग धरला. दिवसा इंग्रजी चित्रण होई व रात्री त्याच नेपथ्यात स्पॅनिश. नटवर्ग मात्र वेगळा. दिग्दर्शक जॉर्ज मेलफर्ड यांना स्पॅनिश येत नव्हते. तथापि दिवसाचे चित्रण रात्रीच्या मंडळींना पाहावयास मिळे, आणि त्यात सुधारणा करण्याची ईर्ष्या त्यांच्या ठायी होती. परिणामी कॅमेरा अधिक मोकळेपणाने फिरला आणि पंचाहत्तर मिनिटांच्या इंग्रजी पटाची कथा येथे १०४ मिनिटांत सविस्तर उलगडली.

तरीही हा पट दीर्घकाळ केवळ भाषांतर म्हणून उपेक्षित राहिला. त्याचा खराब झालेला भाग अखेर हवाना येथील प्रतीवरून भरून काढावा लागला. २०१५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदसूचीत त्याचा समावेश झाला. दुसऱ्या भाषेतील आवृत्ती ही पहिलीची छाया नव्हे, हे ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ यांच्या अभ्यासकाने येथे अवश्य पडताळून पाहावे.