मधाचे बोट आणि परतीचा मार्ग

सराफाच्या पेढीवर नाणे वटवताना गिऱ्हाईक आणि मोबदला यांच्यामध्ये एक माणूस बसलेला असे, आणि त्या माणसाची पत हीच व्यवहाराची हमी असे. नोव्हेंबर 2018 मध्ये हेडन ॲडम्स यांनी इथेरियम या ब्लॉकचेनवर युनिस्वॅप हे विनिमयकेंद्र सुरू केले, तेव्हा ती गादीच उठली. तिच्या जागी लिक्विडिटी पूल आला: ईथर आणि टोकन यांचा सामायिक साठा, ज्यात दोहोंच्या संख्यांचा गुणाकार अढळ राहावा, एवढाच कायदा. साठ्यात 10 ईथर आणि 1,000 टोकन असतील, तर त्यातून 200 टोकन उचलणाऱ्यास, अडत वगळता, अडीच ईथर भरावे लागतात. कारण उरलेल्या 800 ला साडेबारांनी गुणले तरच 10,000 चा हिशेब जुळतो. खरेदीने भाव चढतो, विक्रीने उतरतो.

परंतु हे गणित गुणोत्तराला जामीन राहते, टोकनाच्या इमानाला नव्हे. टोकनाचा करारनामा लिहिणाऱ्याने, मालकाखेरीज कोणी ते पूलकडे परत धाडू नये, असे कलम दडवले, की मधाचे बोट लागते आणि परतीचा दरवाजा मिटतो. यालाच हनीपॉट म्हणतात. आरंभी हा सापळा लबाडांसाठीच होता: सदोष भासणारा करार लुटावयास येणाराच त्यात लुटला जाई, आणि लक्झेंबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये असे 690 करार हुडकून काढले. पुढे तीच युक्ती भोळ्या ग्राहकावर उलटली.

नेटफ्लिक्सच्या कोरियन मालिकेचे केवळ नाव उसने घेतलेले ‘स्क्विड’ टोकन ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एका सेंटाच्या आसपास होते. 1 नोव्हेंबरला ते 2,861 डॉलरवर पोहोचले आणि काही मिनिटांत मातीमोल झाले. ‘मार्बल्स’ नावाचे दुसरे टोकन पदरी असल्यावाचून विक्री नाही, अशी अट असल्यामुळे ग्राहक अडकून पडले, आणि कर्ते 33 लाखांहून अधिक डॉलर घेऊन परागंदा झाले. ज्या चढत्या भावाला लोक भाग्य समजले, तोच खरे तर गुन्ह्याचा पुरावा होता. विकताच येत नसेल, तर भाव उतरणार कसा?

म्हणून जाणते लोक आता खरेदीपूर्वीच ब्लॉकचेनच्या प्रतिरूपावर लटकी खरेदी आणि लागलीच लटकी विक्री करून पाहतात, आणि खातेवहीत परक्या हातांनी केलेली विक्री शोधतात. तरीही ही परीक्षा त्या क्षणापुरतीच खरी. विक्रीवरील कर उद्या 99 टक्क्यांवर नेण्याची मुखत्यारी मालकाकडे शिल्लक असेल, तर आजचा उघडा दरवाजा केवळ त्याच्या मर्जीने उघडा असतो. माणूस गादीवरून उठला खरा. पण तो करारनाम्याआड जाऊन बसला आहे.