हौसेचे मोल : दीर्घ पल्ल्याची ट्रायथलॉन आणि ‘हौशी खेळाडू’ या संकल्पनेचा इतिहास

प्रस्तावना

‘हौसेला मोल नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. मराठीत ‘हौशी’ हा शब्द मुख्यतः रंगभूमीच्या संदर्भात रुळला. दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला जाणारा नट हा हौशी नट होय, आणि या शब्दात कमीपणा नाही. क्रीडाक्षेत्रात मात्र हा शब्द ‘अ‍ॅमॅच्युअर’ या इंग्रजी संज्ञेचा पर्याय म्हणून आला आणि तिच्यामागे एक वेगळा सामाजिक इतिहास होता. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल चालविणे आणि ४२.२ किलोमीटर धावणे हे एकाच दिवसात, तेही सलग पूर्ण करावयाच्या ‘आयर्नमॅन’ ट्रायथलॉनमध्ये आज बहुसंख्य स्पर्धक हौशी असतात. या शर्यतीच्या आधारे हौशी खेळाडूच्या संकल्पनेत झालेले स्थित्यंतर तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हौशीपणाची वर्गीय व्याख्या

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये ‘हौशी’ म्हणजे केवळ पैशासाठी न खेळणारा, एवढाच अर्थ नव्हता. हेन्ली येथील नौकास्पर्धेच्या संयोजकांनी १८७९ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार कारागीर, यंत्रकामगार आणि मजूर यांना हौशी मानले जात नसे. शारीरिक श्रम करून पोट भरणाऱ्यास वल्हविण्यात अन्याय्य लाभ मिळतो, असा युक्तिवाद त्यासाठी केला जाई. प्रत्यक्षात खेळाचे मैदान सद्गृहस्थांपुरते राखून ठेवण्याचे ते साधन होते. मैदानी खेळांच्या इंग्लिश संघटनेने १८८० मध्ये अशी अट स्वीकारली नाही. हेन्ली येथे मात्र ती १९३७ पर्यंत टिकली.

ऑलिंपिक चळवळीने हौशीपणाचा हाच आदर्श काहीशा सौम्य रूपात स्वीकारला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळविणारा मूलनिवासी अमेरिकन खेळाडू जिम थॉर्प याची पदके १९१३ मध्ये काढून घेण्यात आली. त्याचा अपराध एवढाच, की त्याने पूर्वी किरकोळ मोबदला घेऊन बेसबॉल खेळला होता. त्याच्या मृत्यूनंतर १९८२ मध्ये तो निर्णय बदलण्यात आला, तर निर्विवाद विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा नोंदले जाण्यास २०२२ साल उजाडावे लागले. ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच हौस परवडावी, अशी ही व्यवस्था होती. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने आपल्या पात्रता नियमातून ‘हौशी’ हा शब्द वगळला.

सॅन दिएगो ते ओआहू

योगायोग असा, की त्याच १९७४ सालच्या २५ सप्टेंबर रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथे मिशन बे परिसरात एका स्थानिक धावपटू मंडळाने पहिली आधुनिक ट्रायथलॉन भरविली. जॅक जॉनस्टोन आणि डॉन शानाहान हे तिचे आयोजक होते. तीत ४६ जण उतरले. त्यांत अमेरिकन नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी यांचाही समावेश होता.

पुढे हे दांपत्य हवाईतील ओआहू बेटावर वास्तव्यास आले. पोहणारा, सायकलपटू आणि धावपटू यांपैकी सर्वांत चिवट कोण, हा वाद तेथे १९७७ मध्ये रंगला आणि त्यातून बेटावर आधीपासून होत असलेल्या तीन स्वतंत्र स्पर्धांची अंतरे एकत्र जोडण्याची कल्पना निघाली. वायकीकीची सागरी जलतरण स्पर्धा, बेटाभोवतीची सायकल शर्यत आणि होनोलुलू मॅरेथॉन या त्या तीन स्पर्धा होत. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जणांनी सुरुवात केली आणि १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. स्वतः कॉलिन्स यांना सुमारे १७ तास लागले. खाण्यापिण्याची सोय पाहणारे सोबती प्रत्येकाने स्वतःच आणावयाचे होते.

या घटनेचे ऐतिहासिक वेगळेपण लक्षात घेतले पाहिजे. येथे कोणाचा व्यवसाय विचारला गेला नाही. शर्यत पूर्ण करणे हाच सन्मान ठरला. १९७९ मध्ये लिन लेमेअर ही एकमेव महिला स्पर्धक १२ तास ५५ मिनिटांत पाचवी आली. म्हणजे व्हिक्टोरियन हौशीपणातील वर्गाची आणि लिंगाची, अशा दोन्ही भिंती येथे निदान नियमांत तरी नव्हत्या.

प्रसिद्धी आणि पैसा

१९७९ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या नियतकालिकातील दीर्घ लेखामुळे आणि १९८० मध्ये दूरचित्रवाणीवरील चित्रणामुळे ही शर्यत सर्वदूर पोहोचली. १९८१ मध्ये ती हवाईच्या मोठ्या बेटावरील कोना येथे हलविण्यात आली. फेब्रुवारी १९८२ मधील प्रसंग शिक्षकांना विशेष जवळचा वाटावा. जूली मॉस ही विद्यार्थिनी व्यायामशरीरशास्त्रातील आपल्या प्रबंधासाठी शर्यतीत उतरली होती. आघाडीवर असताना अंतिम रेषेजवळ तिचे पाय लटपटले, ती कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून गेली. मॉसने उरलेले अंतर रांगत पार केले आणि अवघ्या २९ सेकंदांच्या फरकाने ती दुसरी आली. पहिल्या क्रमांकापेक्षा तिचे ते रांगणेच लोकांच्या स्मरणात राहिले.

१९८६ मध्ये एका अनामिक दात्याच्या देणगीतून प्रथमच एक लाख डॉलरची बक्षिसे दिली गेली. व्यावसायिक खेळाडू आले, तरी हौशी हद्दपार झाले नाहीत. वयोगटांनुसार त्यांची स्वतंत्र क्रमवारी लागू लागली. दोघेही एकाच मार्गावर शर्यत पूर्ण करतात, हे या खेळाचे वैशिष्ट्य होय. शर्यतीचे हक्क १९९० मध्ये सुमारे ३० लाख डॉलरना, तर २०१५ मध्ये ६५ कोटी डॉलरना विकले गेले. हे मूल्य मूठभर विजेत्यांमुळे आलेले नाही. प्रवेशशुल्क भरणाऱ्या हजारो हौशींवर ते उभे आहे. जुन्या व्यवस्थेत हौशी म्हणजे खेळातून पैसा न घेणारा, तर नव्या व्यवस्थेत हौशी म्हणजे खेळासाठी पैसा देणारा, असा हा बदल आहे.

महाराष्ट्राचा संदर्भ

मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिच येथील आयर्नमॅन पूर्ण केली आणि ही शर्यत मराठी घरांतून माहीत झाली. २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामार येथे भारतातील पहिली अर्ध्या अंतराची आयर्नमॅन झाली. डॉक्टर, अभियंते, पोलीस व लष्करी अधिकारी यांच्या अशा कामगिरीच्या बातम्या आता वारंवार वाचावयास मिळतात. शिक्षिका, शेतकरी वा कंत्राटी कामगार यांच्या बातम्या मात्र क्वचितच दिसतात. चांगल्या सायकलीची किंमत लाखांच्या घरात जाते. सरावास आठवड्याचे दहा-पंधरा तास लागतात. घरचे काम उरकून महाविद्यालयात येणाऱ्या आणि परत गेल्यावर पुन्हा घरकामास लागणाऱ्या सहकारी भगिनींना एवढे तास कोण देणार? हेन्लीच्या नियमाने जे उघडपणे केले, ते येथे खर्च आणि फुरसत मुकाट्याने करतात.

याच भूमीत याविरुद्धचे उदाहरणही आहे. खाशाबा जाधव यांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. जाधवांच्या कांस्यपदकामागे स्वतःची ऐपत नव्हती. गावाने वर्गणी काढली होती आणि एका शिक्षकाने जोखीम पत्करली होती.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की हौशी खेळाडूची संकल्पना वर्गीय बहिष्कारातून जन्मली, दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनने तिला सर्वांसाठी खुले रूप दिले आणि बाजारपेठेने त्या खुलेपणावर किंमत लावली. तथापि या दोन अडसरांत फरक आहे. नियमाने घातलेली बंदी नियम बदलूनच उठते. ऐपतीचा अडसर मात्र संस्थांना आजही कमी करता येतो. महाविद्यालयाचा जलतरण तलाव सायंकाळी कर्मचाऱ्यांना खुला करणे, सायकली सामायिक ठेवणे, क्रीडा विभागाच्या अहवालात पदकांबरोबर सहभागाचीही नोंद घेणे या गोष्टी अवघड नाहीत. हौसेला मोल नसते हे खरेच. परंतु ते मोल कोणाच्या खिशातून जाते, हे पाहिल्याशिवाय खेळाचा इतिहास पूर्ण होत नाही.