रिम रंगवणाऱ्यांचा इतिहास

नारिंगी रिमची जुनी स्प्लेंडर सिग्नलला थांबली, की मागून कोणीतरी 'छपरी' म्हणतंच. मी पुण्यात नाना पेठेजवळ राहतो. इथे दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं ओळीनं आहेत, त्यामुळे हा शब्द रोज कानावर पडतो. बोलणाऱ्याला सुचवायचं असतं, की याच्याकडे पैसा नाही आणि तरी हौस आहे. छप्पर म्हणजे गवतापाचटाचं. शिवी त्याच्याखाली राहणाऱ्या माणसाला आहे. छप्परं शाकारणारा छप्परबंद समाज आजही आपल्यात आहे, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसतं.

म्हणून मी त्या नारिंगी रिमचं कूळ शोधायला बसलो. ते बरंच मागे गेलं.

सुरुवात बैलगाडीपासून करू. तिचं चाक लाकडी. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले जाड आरे आणि बाहेरून लोखंडी धाव. लाकडी आऱ्याला रुंदी असते, त्यावर रंग बसतो. माझे आजोबा सांगायचे, पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ आणि बेगड लावून झाली, की उरलेला रंग गाडीच्या आऱ्यांवर फिरायचा. त्यासाठी वेगळा खर्च कोणी करत नसे.

मग चाकच बदललं. 1870 मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी 'एरियल' नावाच्या सायकलीचं पेटंट घेतलं. तिच्या चाकाला तारेचे स्पोक होते. लाकडी आरा खालून दाब सोसतो, स्पोक मात्र ताणून बसवलेला असतो. ताण सोसायला बारीक तारही पुरते. पुढे मोटरसायकलीनं हेच चाक घेतलं. चाक हलकं झालं, पण रंगवायला जागा उरली नाही.

हौसेनं मग दुसऱ्या जागा शोधल्या. सायकलच्या हबभोवती एक सैल कडं घालायची पद्धत आली. चाक फिरलं की ते हबवर घासत राहतं आणि धूळ, ग्रीस पुसून काढतं. ही खरं तर सफाईची वस्तू. आपल्याकडे तिला लाल-पिवळे झुबके आले आणि ती दागिना झाली. स्पोकमध्ये प्लास्टिकचे मणी आले. पोरं पुठ्ठ्याचा तुकडा असा अडकवायची, की चाक फिरताना तो स्पोकवर फटफट आपटावा. मोटरसायकलला आपल्याकडे फटफटीच म्हणायचे. ती परवडत नव्हती, तर पोरांनी तिचा आवाज तेवढा घेतला.

ज्यांना परवडत होतं त्यांच्यासाठी चकाकी होती. 1920च्या दशकात क्रोमचा मुलामा बाजारात आला आणि आरशासारखी रिम श्रीमंतीची खूण झाली. दुसऱ्या महायुद्धात निकेल आणि क्रोम युद्धसामग्रीकडे वळलं. लष्करी मोटरसायकलींच्या रिम साध्या रंगात निघू लागल्या. चकाकी शत्रूच्या नजरेत येते, हेही त्यामागचं एक कारण. तेव्हा क्रोम नसलेली रिम म्हणजे टंचाई. आज त्याच बिनचकाकीच्या रिमला मॅट ब्लॅक म्हणतात आणि लोक तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजतात.

आता रेडियमच्या पट्टीकडे येऊ. रेडियम हे मूलद्रव्य क्युरी दांपत्यानं 1898 मध्ये शोधलं. पुढे ते घालून केलेला, अंधारात उजळणारा रंग घड्याळांच्या तबकड्यांना लावू लागले. अमेरिकेतल्या कारखान्यांत ब्रशाचं टोक ओठांनी सारखं करत हे काम करणाऱ्या तरुण मुली आजारी पडल्या, कित्येक दगावल्या. आपल्या स्टिकरमध्ये या रेडियमचा कणही नसतो. त्यात काचेचे बारीक मणी किंवा प्लास्टिकचे सूक्ष्म पैलू असतात आणि ते प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात. पण अंधारात चमकतं ते रेडियम, असं बाजारानं एकदा ठरवलं आणि नाव चिकटलं.

माझा मामा राजदूतवरून पहाटे चारला दूध घालायला जायचा. त्याच्या दोन्ही रिमवर रेडियम होतं. गाडीचा दिवा पुढून दिसतो, पण फाट्यावर बाजूनं येणाऱ्या ट्रकवाल्याला काय दिसणार? त्याला अंधारात फिरणारी दोन कडी दिसायची. मामाला ती शोभा वाटायची आणि मामीला धीर.

नारिंगी रंगाची गोष्ट अलीकडची आहे. 2013 मध्ये चाकणच्या बजाज कारखान्यात बनलेली केटीएम 390 ड्यूक बाजारात आली. तिची अलॉय चाकं कंपनीतूनच नारिंगी होती. अलॉयचे आरे पुन्हा रुंद, म्हणजे बैलगाडीनंतर हरवलेली जागा रंगाला परत मिळाली. ड्यूक न परवडणाऱ्यांनी दोनशेच्या आसपास मिळणारा स्प्रे आणला.

ते काम मी आमच्या गल्लीत कितीदा पाहिलंय. गाडी मेन स्टँडवर घ्यायची, रिम साबणानं धुवायची, पॉलिश पेपरनं घासायची. टायरला ग्रीसचा हात, म्हणजे उडालेला रंग पुसता येतो. ब्रेकची डिस्क कागदानं नीट झाकायची, कारण तिच्यावर रंग उडाला तर ब्रेक धरत नाही. मग चाक हळू फिरवत पातळ तीन हात. पट्टी लावायची तर 17 इंची रिमच्या कडेला साधारण 1.4 मीटर लागते. दोन चाकांच्या चार बाजू म्हणजे सहा मीटरच्या आत काम होतं. अख्खा रविवार जातो.

शोरूममधला नारिंगी रंग स्टाईल ठरतो आणि स्प्रेमधला छपरी. हा रविवार घालवणाऱ्याची गाडी बहुतेकदा हप्त्यावरची असते, नाहीतर तिसऱ्या हाताची. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा असतो. टाकीवरचं नाव कंपनीचं, सीट आधीच्या मालकानं बदललेली. त्या गाडीत त्यानं स्वतः ठरवलेली एकच गोष्ट असते, रिमचा रंग.