आडव्या बाटलीचं मत कोणाकडे?

महाराष्ट्रात दारूबंदी आहे असं म्हटलं, तर तुम्ही हसाल. पण कायद्याच्या पुस्तकात ती आहेच. आपल्याकडे आजही १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे. दारू प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना देशीसाठी २ रुपये, विदेशीसाठी ५ रुपये आणि आजन्म हवा असेल तर १००० रुपये. वाकडच्या बारमध्ये बसलेल्या माझ्या किती मित्रांच्या खिशात तो कागद असतो, हे विचारू नका. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. जुन्या कोडमध्ये कधी कधी एखादी ओळ सापडते. ती आता काही करत नाही, पण ती काढायची कुणाची हिंमतही होत नाही. अशा वेळी ती कुणी आणि का लिहिली, हे शोधावं लागतं. या कायद्याबाबतही मी तेच केलं.

गोष्ट सुरू होते १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यापासून. त्याआधी मोहाची दारू आणि ताडी गावपातळीवर बनत होती. इंग्रजांनी दारू गाळणं मोजक्या मक्तेदारांच्या हाती दिलं आणि विक्रीवर परवाने बसवले. १८९२च्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुलं गोळा करण्यावरही बंधनं आली. हेतू लोकांना दारूपासून वाचवण्याचा नव्हता, महसुलाची गळती थांबवण्याचा होता. दारू सरकारी जमाखर्चात जमेच्या बाजूला जाऊन बसली, ती तिथून आजतागायत उठलेली नाही.

याचा परिणाम पुण्यात सगळ्यात आधी ज्यांच्या नजरेत भरला, त्यांत जोतीराव फुले होते. ते तेव्हा पुणे नगरपालिकेचे सभासद होते. जुलै १८८०मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या गुत्त्यांबद्दल तक्रार केली. १९०८मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निरोधन झालं. पुढे गांधीजींच्या चळवळीत दारूबंदी हा स्वराज्याचाच एक भाग बनला. राज्यघटनेच्या ४७व्या कलमात ती मार्गदर्शक तत्त्व म्हणून आली आणि एप्रिल १९५०मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. त्या वेळी मोरारजी देसाई गृहमंत्री होते.

दुकानं बंद झाली, पिणं थांबलं नाही. गूळ आणि नवसागर घालून हातभट्ट्या पेटल्या. पैसा गुंडांकडे आणि हप्त्यांकडे वळला. १९६०च्या दशकात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी सैल झाली. त्याच सुमारास साखर कारखाने वाढत होते आणि कारखान्यांत मळी साचत होती. मळीपासून मद्यार्क बनतो, मद्यार्कापासून देशी. दारू पुन्हा जमेच्या बाजूला आली. कायदा मात्र रद्द झाला नाही, त्याला फक्त परवान्यांची भोकं पाडली गेली.

हातभट्टीही संपली नाही. स्वस्त नशेसाठी तिच्यात कधी कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलं जातं. शरीरात त्याचं फॉर्मिक अॅसिड होतं. आधी दृष्टी जाते, मग माणूस. २०१५मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं अशीच मेली.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि १९७०मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली. गावाकडून एकटे आलेले तरुण, पाळ्यांचं काम, भाड्याची खोली आणि हातात रोख पगार. आई सांगते, आमच्या चाळीतल्या एक काकू दर महिन्याच्या ७ तारखेला कंपनीच्या गेटवर उभ्या राहायच्या. नवऱ्याचं पाकीट गुत्त्यावर पोचायच्या आत त्यांना किराण्याचे आणि फीचे पैसे काढून घ्यायचे असत. पुढे पगार थेट बँकेत जमा होऊ लागला आणि काकूंचं गेटही गेलं. आता मोबाइलवर दोन बोटांत बिल भागतं. ते अडवायला उभं कुठे राहायचं?

१९८०च्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे ‘गर्द’ आली. अनिल अवचटांनी तिच्यावर लिहिलं आणि सुनंदा अवचटांसोबत १९८६मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचं पाठबळ त्यामागे होतं. व्यसन हा चारित्र्याचा दोष नसून आजार आहे आणि तो सगळं घर आजारी पाडतो, हे अनेक मराठी घरांना तिथे पहिल्यांदा समजलं.

गर्द बाहेरून आली होती. पुढची नशा इथेच बनू लागली. मेफेड्रोन, म्हणजे एमडी, वनस्पतीपासून नव्हे तर रसायनांपासून बनतं. त्यासाठी शेत लागत नाही, रिअॅक्टर आणि केमिस्ट लागतो. २०१५मध्ये त्यावर अमली पदार्थविरोधी कायद्याखाली बंदी आली. ऑक्टोबर २०२०मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात २० किलो एमडी पकडलं आणि तपास रांजणगावच्या एका कारखान्यापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२४मध्ये कुरकुंभ एमआयडीसीत तर शेकडो किलोंचा साठा सापडला. ज्या औद्योगिक वसाहतींचा आपल्याला अभिमान आहे, त्यांचीच यंत्रसामग्री आणि त्यांचंच कौशल्य यात वापरलं गेलं.

या दीडशे वर्षांत निर्णय एकतर सरकारने घेतला किंवा पिणाऱ्याने. किंमत मोजणाऱ्या घराला विचारलं गेलं ते एकाच वाटेने. गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्या महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिलं, तर दुकान बंद होतं. राज्यात अनेक ठिकाणी बायकांनी बाटली आडवी केली आहे.

पण इथली अडचण वेगळी आहे. निम्म्या म्हणजे मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्या. जी आली नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला जातं. आणि चाकण-भोसरीतल्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कितीतरी जणींचं नाव या यादीत नाहीच. ते बीडला, लातूरला किंवा बिहारमधल्या एखाद्या गावात आहे. मार्च २०२५मध्ये चिंचवड-काळेवाडीतल्या दुकानांचा प्रश्न विधानसभेत आला, तेव्हा सोसायटीच्या आवारातल्या नव्या दुकानाला सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र सक्तीचं करण्याची घोषणा झाली. चांगलं झालं. मी राहतो त्या सोसायटीला आता नाही म्हणता येईल. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी ज्या दहा बाय दहाच्या खोलीत राहतात, तिथे सोसायटी नाही, ना-हरकतही नाही. खालच्या मजल्यावर दुकान मात्र आहे.