एव्हबरी
एव्हबरी : इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील, बृहत्पाषाणीय अवशेषांसाठी विख्यात असलेले खेडे. लोकसंख्या ५३० (२०११). मार्लबरोच्या पश्चिमेस सु. १० किमी.वर, केनेट नदीच्या वरच्या खोऱ्यात ते वसले आहे.

इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात हरणांच्या शिंगांनी खोदलेला विस्तीर्ण खंदक, त्याबाहेरील बांध आणि आतील शिळावर्तुळे यांनी येथील मुख्य स्मारक बनले असून, गावची कित्येक घरे, मद्यगृह व हमरस्ता त्याच्या पोटातच आहेत. बाहेरील वर्तुळाचा व्यास सु. ३३० मी. असून त्यात मुळात सु. १०० शिळा होत्या. एवढे मोठे प्रागैतिहासिक शिळावर्तुळ युरोपात दुसरे नाही. १६४९ मध्ये शिकारीच्या निमित्ताने आलेल्या जॉन ऑब्रीने त्याची महती ओळखली व पुढे दुसऱ्या चार्ल्स राजास ते दाखविले. तथापि गावकऱ्यांनी शिळा आगीत तापवून, त्यांवर पाणी ओतून, घणाने फोडून त्यांची घरे बांधण्याचा क्रम अठराव्या शतकातही चालूच ठेवला. विल्यम स्ट्यूकलीने १७१९ पासून वारंवार येऊन रेखाटने केली नसती, तर नष्ट झालेल्या भागाची कल्पनाही आज करता आली नसती, इतके त्याचे ऋण मोठे आहे. घरबांधणीच्या संकटातून येथील जमीन विकत घेऊन वाचविणारे जॉन लबक यांनीच १८८२ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा घडवून आणला. मार्मलेडच्या व्यापारात धनाढ्य झालेल्या घराण्याचे वारस अलेक्झांडर कीलर यांनी १९३४–३९ मध्ये उत्खनन करून पुरलेल्या शिळा पुन्हा उभ्या केल्या. त्यांपैकी एकीखाली चौदाव्या शतकाच्या प्रारंभीची नाणी व कात्री यांसह एका पुरुषाचा सांगाडा मिळाला. या कार्यात खेडुतांची काही घरे पाडली गेली, हेही नमूद केले पाहिजे. १९४३ मध्ये कीलर यांनी येथील आपली मिळकत नॅशनल ट्रस्टला विकली.

दक्षिणेस सिलबरी हिल ही सु. १३० फूट उंचीची मानवनिर्मित टेकडी आहे. १७७६ पासून तीत वेळोवेळी विवरे खणूनही कोणाचे दफन आढळले नाही. उलट त्या विवरांमुळे २००० मध्ये माथा खचला व २००७-०८ मध्ये तो भरून काढावा लागला. जवळच वेस्ट केनेटचे सु. १०० मी. लांबीचे, दालनयुक्त थडगे आहे. गावात सॅक्सनकालीन अंश असलेले सेंट जेम्सचे चर्च, सोळाव्या शतकातील वाडा व कीलर यांच्या नावाचे संग्रहालय आहे.

शेती व पर्यटन हे मुख्य व्यवसाय होत. स्टोनहेंजसह एव्हबरीचा जागतिक वारसा यादीत १९८६ मध्ये समावेश झाला.